भुशातला उजेड, भागिले चार

"दार लाव ना वं! भायेरचा उजेड आत घुसून राह्यला! पोरीचा उजेड पळून गेला, मंग बसशीन पदरानं गोळा करत!"

बाबा ओरडत होते. राईस मिलच्या भुशाच्या गोदामात, भर मे महिन्याच्या दुपारी, लोखंडी स्टुलावर ताठ बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर. आवाज असा की वरच्या टिनांवर बसलेली कबुतरं थेट तेलंगणात उतरली असतील. आई दारापाशी होती. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला होता. झरोक्यांवर मी स्वतः बारदाना ठोकला होता, दाराखालच्या फटीत भुशाचं पोतं आडवं टाकलं होतं. अंधार इतका पक्का होता की स्वतःचं नाक शोधायला मला हात लावून बघावा लागत होता.

"लावलं," आई म्हणाली.

"काय लावलं? मले दिसून राह्यलं ना सारं!"

आईनं कडी पुन्हा उघडून पुन्हा लावली, म्हणजे बाबांना आवाज ऐकू जावा.

माझ्या एका मुठीत नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तसली जांभळ्या उजेडाची टॉर्च होती. दुसऱ्या मुठीत करंगळीएवढी काचेची बाटली. बाटलीत याच गोदामातल्या भुशापासून काढलेलं सिलिकॉन. त्यातून निघणारा लाल उजेड मला बाबांना दाखवायचा होता. काम एवढंच. एका मिनिटाचं. त्याला मी दोन वर्षं लावली. कशी लावली ते सांगते, पण त्याआधी आमच्या घरचा एक नियम सांगावा लागेल, नाही तर माझ्यावर विश्वास किती ठेवायचा हे तुम्हाला कळणार नाही.

बाबा तीस वर्षं त्या मिलच्या बॉयलरवर आगवाले होते. धानाचा भुसा जाळायचा, वाफ करायची, वाफेवर धान उकडायचं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं तर पृथ्वीच्या पोटातली आगसुद्धा त्यांच्याच ड्युटीत होती. ऊर्जानगरच्या वीज केंद्राची पहिली भट्टी काही केल्या पेटेना, तेव्हा साहेबलोक जीप घेऊन गोंडपिपरीच्या रस्त्याला बाबांना शोधत आले. बाबांनी भट्टीच्या दाराशी बिडीचा एक झुरका सोडला, तशी ती धडधडून पेटली, ती आजवर विझलेली नाही. थंडीत एक वाघ रोज पहाटे बॉयलरला पाठ टेकून शेकायला बसायचा आणि जाताना दार लोटून जायचा, कारण वाघ चांगल्या घरचा होता. उन्हाळ्यात आमच्या गावचे कावळे चपला मागायला दारात येतात, ही मात्र थाप माझी. शेवटी पोरगी त्यांचीच.

दोन थापाड्यांच्या घरात एका आईला संसार करायचा होता. तिनं नियम काढला. "या बापलेकीनं काई सांगतलं का चारनं भागाचं. तीन हिस्से बोडीत सोडाचे, एक घरात आनाचा." बोडी म्हणजे आमच्या घरामागचं बारकं तळं. त्या बोडीत इतकी वर्षं इतक्या थापा सोडल्या गेल्या की तिथले मासे लोकांशी बोलायचे बाकी राहिले होते.

नियम मोठा पक्का. बुद्ध पौर्णिमेला बाबा विहारातून सांगत यायचे, "अवं, चाळीस मान्सं येऊन राह्यली जेवाले!" आई दहा माणसांचा भात टाकायची, आणि ताटं मोजली तर दहा. मी एकदा शाळा चुकवायला म्हटलं, "माय, मले एकशे आठ ताप हाय." आई म्हणाली, "म्हंजे सत्तावीस. मंग तं तू कवाचीच मेली. ऊठ, आंघोळ कर."

बाबा एकाच बाबतीत थाप मारत नसत. राख. बॉयलरच्या तोंडातून काढलेली राख बोटावर घेऊन ते दुसऱ्या बोटानं चोळायचे आणि अगदी हळू आवाजात, जणू विहारात बसलेत अशा आवाजात सांगायचे: ही काळी, आत कोळसा राहिला, ही खडबडीत, आग जास्त झाली, आणि ही पांढरी, पिठासारखी, ही बरोबर. पांढऱ्या राखेवर मी त्यांना कधी एक शब्द जास्त बोलताना ऐकलं नाही.

मी नागपूरला पीएच.डी.ला लागले तेव्हा सरांनी विषय दिला: सिलिकॉनच्या अतिबारीक कणांतून निघणारा उजेड, आणि तो काचेवरच्या पातळ थरातून कसा वाट काढत जातो. बाबांना फोन केला.

"सिलिकॉन म्हंजे ते मोबाईलच्या पोटातलं ना?"

"तेच. पन उजेडाच्या बाबतीत ते भल्लं आळशी हाय बाबा. वीज देल्ली तं राबते, उजेड दे म्हटलं का तोंड फिरवते. पन त्याचे अगदी बारीक कन केले, तं तेच लाल उजेड देते."

"कितीक बारीक?"

"तांदळाचा एक दाना घ्या. त्याच्या लांबीत असे वीस लाख कन एका रांगेत बसतीन."

"हे भागलेलं हाय का भागाचं हाय?"

"भागाचं नाई. जसंच्या तसं."

"हं. अन् हे आनून राह्यली कुठून?"

"तुमच्याच राखेतून. धान जमिनीतून वाळूचा अंश ओढते अन् टरफलात ठेवते. भुसा जाळला का तो राखेत उरते. तिच्यातून सिलिकॉन काढता येते."

बाबा म्हणाले, "म्हंजे तीस वर्सं मी पोत्यात उजेड भरून राह्यलो होतो?"

पुढच्या आठवड्यात बसच्या टपावरून राखेचं पोतं आलं. आईच्या जुन्या लुगड्यातून तीनदा गाळलेली, पांढरीशुभ्र. पोत्यावर कोळशानं लिहिलं होतं: उजेडाचं कच्चं सामान, उलटं ठेवू नये.

त्या राखेला ॲसिडनं धुतलं, मॅग्नेशियमसोबत भट्टीत तापवलं, पुन्हा ॲसिड, पुन्हा धुणं. शेवटी मातकट रंगाची चिमूटभर पूड उरली. तिच्यावर आणखी दोन महिने मेहनत करून ती द्रावणात तरंगत ठेवली आणि एका पावसाळी दुपारी, प्रयोगशाळेचे पडदे ओढून, बाटलीवर जांभळा उजेड टाकला.

लाल. बॉयलरचं दार किलकिलं करून बघावं तसा, आतून पेटलेला गडद लाल. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतले सर चहाचा कप घेऊन पळत आले. निम्मा चहा वाटेत सांडला. म्हणजे आठवा हिस्सा सांडला असेल. पण ओरडले खरी.

त्याच दिवशी मी एक बाटली बाजूला काढली, कापसात गुंडाळली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाबांसाठी. दिवाळीला घरी जाईन तेव्हा दाखवीन.

दिवाळीला मी घरी गेलेच नाही. कारण मध्ये रेघ आली.

झालं असं की ते कण काचेच्या एका पट्टीवर पसरून त्यांचा थर दिला होता, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिस्स्याएवढा. अशा थरात जन्मलेला उजेड सगळा वर निघून जात नाही. काही उजेड थराच्या वरच्या-खालच्या अंगांवर आपटत, आतल्या आत, कडेपर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडतो. धानाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्याला, पाणी देणाऱ्या पाटासारखं समजा. आणि पाटासारखाच तो वाटेत कमी होत जातो: थोडा मुरतो, थोडा इकडेतिकडे उडतो. कडेला काय पोचतं ते शेवटच्या बांधीवाल्याला विचारा.

पण माझ्या पट्टीच्या कडेला काहीतरी भलतंच दिसलं. वरून पाहिलं तर उजेड पसरट, धुण्याचं पाणी टाकावं तसा. कडेकडून पाहिलं तर एक बारीक, धारदार, लखलखीत रेघ. आणि थराचा जितका लांब पट्टा मी पेटवावा, त्याच्या मानानं कडेचा उजेड जास्तच वाढत होता. दुप्पट लांबीला दुपटीहून जास्त. म्हणजे वाटेत कमी व्हायच्या ऐवजी तो चालता चालता वाढत होता. उजेडानं वाटेत उजेड जमवायचा, हाच तर लेसरचा पाया. आणि सिलिकॉनचा लेसर म्हणजे ज्याच्यासाठी मोठमोठी माणसं केस पिकवून बसलेली.

मी सरांच्या आधी बाबांना फोन केला. ही माझी पहिली चूक. माझ्या बाकीच्या चुका हिच्यामागून ओळीनं आल्या.

"बाबा! तुमच्या भुशाचा उजेड चालता चालता वाढून राह्यला!"

"म्हंजे?"

"म्हंजे शेवटच्या बांधीले सगळ्यात जास्त पानी!"

मला अपेक्षा होती की ते विचारतील, भागलेलं का भागायचं. विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझं वाक्य जसंच्या तसं घरात आणलं. "शेवटच्या बांधीले," ते स्वतःशीच म्हणाले. "असं पानी कुठीच नसते बाई. हे मले पाह्यलंच पायजे."

आठ दिवसांत तालुकाभर झालं. चहाच्या टपरीवर, विहारात, बसस्टँडवर. मिलच्या हमालांना बाबांनी सांगितलं की पोरीनं भुशातून लेजर काढला, आता एका पोत्यात मुलचेऱ्यापासून मुंबईपर्यंत उजेड पडेल, चंद्रावर माणूस भुसा घेऊन जाईल. लोक त्यांच्याकडून ऐकलेलं भागून घ्यायचे, ही सवय सगळ्यांनाच होती. पण बाबा स्वतः भागत नव्हते.

आता डोळ्यांचं सांगते. हे सांगताना माझा आवाज खाली येतो, तो येऊ द्या.

बाबांच्या डोळ्यांचं बरंच आधी सुरू झालं होतं. पण त्यांनी तक्रारसुद्धा थापेच्याच सुरात केली. "अवं, बल्बाभवती मले सात रंगांचं रिंगन दिसते. लोकाइले इंद्रधनुष्याले पावसाची वाट पाहा लागते, मले घरात बसल्या फुकट!" आई हसली. मी तर शिकलेली. फोनवरून दहा मिनिटं व्याख्यान दिलं की हवेतल्या धुळीवरून उजेड वळतो, त्याचे रंग सुटे होतात. बाबांनी सारं ऐकून घेतलं. "असं हाय काय," म्हणाले.

मग म्हशीची गोष्ट. उजवीकडून म्हैस आली ती दिसलीच नाही. शिंगानं नमस्कार केला तेव्हा कळलं की पाहुणी आली. आम्ही पोट धरून हसलो. म्हशीला चारनं भागलं तर बकरी उरते. बकरी न दिसणं म्हणजे काय मोठं?

तीन हिस्से बोडीत सोडले आम्ही. त्या तीन हिश्शांतच बाबांची नजर होती.

दिवाळीनंतर धान कापणीच्या दिवसांत ते भर उजेडात बांधीच्या काठाच्या धुऱ्यावरून खाली गेले, तेव्हा आईनं त्यांना चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढलाय. गेलेली नजर परत येत नसते, राहिलेली राखता येते. थेंब टाका, ऑपरेशन करा, उशीर करू नका.

बाबांनी थेंब घेतले. ऑपरेशनला नाही म्हणाले.

"अगुदर पोरीचा उजेड पाह्यतो. डोळ्याले हत्यार लागलं अन् बिघडलं तं? तेवढं पाहू दे मले. मंग दोनी डोळे काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवतो, म्हनतो घे बाबा, काय कराचं ते कर."

आईचा फोन आला. "तुह्या बाबाले लवकर बलाव नागपूरले. दाखव काय दाखवाचं ते अन् मोकळं कर मले."

"पुढच्या महिन्यात, माय. सरांनी एकदा तपासलं का बलावतो."

सरांनी त्याच आठवड्यात तपासलं.

सर कमी बोलणारे. त्यांनी माझा आलेख बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "पट्टा लांब करत नेऊ नकोस. एकच बारीक ठिपका पेटव. तो कडेपासून थोडा थोडा मागे सरकव. प्रत्येक जागेवरून कडेला किती पोचतंय ते मोज, आणि शेवटी बेरीज कर."

एकटा ठिपका होता, म्हणजे वाटेत त्याला वाढवणारं कोणी पेटलेलं नव्हतं. उजेड खरंच चालता चालता वाढत असेल, तर ही साधी बेरीज कमी भरायला हवी होती. दुपारभर मी ठिपका सरकवला. संध्याकाळी बेरीज केली. तंतोतंत तोच आलेख आला. वाढ नव्हतीच. दूरच्या ठिपक्यांचा उजेड आमच्या भिंगात जास्त चांगला शिरत होता, एवढंच. शेवटच्या बांधीला पाणी जास्त नव्हतं. मोजणाऱ्याची बादली तिथे जास्त सरळ धरलेली होती.

"आणि ही रेघ?" मी विचारलं. हातातलं सगळं गेलं की माणूस निदान काठी तरी मागतो.

सरांनी भिंग बसवलेला मोजणीचा दांडा केसभर खाली, काचेच्या बाजूला झुकवला. रेघ आणखी लखलखीत झाली. सरळ थराच्या रेषेत आणला, रेघ मावळली. "बघ. हा उजेड थरातून येतच नाहीये. खालच्या काचेतून येतोय. थरात जो मावत नाही तो खाली गळतो, आणि थराला अगदी लगटून काचेतून कडेपर्यंत जातो. असा अगदी थोडक्यासाठी न मावणारा रंग एकच, म्हणून रेघ एवढी बारीक." त्यांना माझा चेहरा दिसत असावा. "लेसर नाही. गळती आहे. पण फार सुंदर गळती आहे. यावर पेपर लिही."

मी चारनं भागायला तयार होते हो. चौथा हिस्सा मिळाला असता तरी उड्या मारत घरी गेले असते. पण शून्याला कितीनंही भागा.

तो पेपर मी लिहिला, तो छापूनही आला. बाबांना मात्र सांगितलं नाही.

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना थापा विकल्या, त्यानं एकदाच एक वाक्य पूर्ण किमतीला घेतलं, आणि ते माझं होतं. त्याला कसं सांगू? मी ठरवलं की आधी खरा लेसर करायचा, मग बोलवायचं. तोवर थाप. यंत्र दुरुस्तीला गेलंय बाबा. सर परदेशी गेलेत. भट्टीचं कॉइल जळलं. पावसानं हवेत ओल आहे, ओलीत उजेड नीट येत नाही. ही शेवटची थाप तर इतकी सुंदर होती की मलाच खरी वाटली. वर्षभरात मी जितक्या थापा मारल्या तितक्या बाबांनी तीस वर्षांत मारल्या नसतील, आणि माझ्या थापांत एकही वाघ नव्हता.

"बरं," बाबा दर वेळी म्हणायचे. "घाई नाई. मी हाय ना इथीच. उजेड पक्का होऊ दे."

ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा सोडली.

मी नवे थर बनवले. जाड, पातळ, जास्त कणांचे, कमी कणांचे. प्रत्येकाच्या कडेला गळकी रेघ यायची, आणि प्रत्येक वेळी ठिपक्यांची बेरीज माझं तोंड बंद करायची. आणि या सगळ्या काळात, रोज, प्रयोगशाळेत जाताना आणि येताना, बसमध्ये, मेसमध्ये, ती कापसात गुंडाळलेली बाटली माझ्या पर्समध्ये होती. एखाद्या शनिवारी पहिली बस धरली असती, दुपारपर्यंत घरी पोचले असते, पांघरूण डोक्यावरून ओढून बापलेक आत बसलो असतो आणि टॉर्च लावली असती. तेव्हा त्यांना दिसलं असतं. डावा डोळा तेव्हा बरा होता. पण मला वाटायचं, नुसता लाल उजेड काय दाखवायचा? काजव्यालाही येतो तेवढा.

पुढचीही दिवाळी गेली, आणि एप्रिलमध्ये आईचा फोन आला. "तुह्या बाबाले ताटातली भाजी दिसली नाई. भाकर चाचपडून खाल्ली."

सवयीनं मी भागायला घेतलं. चौथा हिस्सा, म्हणजे मीठ दिसलं नसेल. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे आई बोलतेय. आई भागणारी होती. तिनं सांगितलेलं आधीच भागून झालेलं असतं.

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करूनही राखायला फारसं काही उरलेलं नाही. उजव्या डोळ्यात काही नाही. डाव्यात, डोळ्यासमोर हात हलवला तर कधी हलल्यासारखं वाटतं.

म्हणून मी मे महिन्यात घरी आले, आणि म्हणून आम्ही त्या गोदामात होतो. जागा बाबांनीच निवडली. "भुशाचा उजेड भुशातच पाह्यचा," म्हणाले. मिल बंद होती, मालकानं किल्ली दिली. बाबा आईच्या खांद्यावर हात ठेवून आले आणि वाटभर सांगत आले की आई पडू नये म्हणून खांदा धरलाय.

"झालं का सुरू?" बाबा अंधारात म्हणाले.

"बाबा," मी म्हटलं. अंधारात बोलायला सोपं जातं. "लेजर झाला नाई. कवाच झाला नवता. उजेड वाढत नवता, मले चुकीचा दिसला. गळून राह्यला होता. मले दीड वर्सापासून मालूम हाय."

भुशातून काहीतरी खसखस करत गेलं. उंदीर असेल. आईच्या बांगड्या एकदा वाजल्या.

"मी लेजर कवा मांगतला?" बाबा म्हणाले. रागानं नाही, नवल वाटल्यासारखे. "लेजर तं तू म्हनत होती. मी उजेड म्हनलं होतं."

"उजेड हाय, बाबा. साधा लाल."

"मंग दाखव ना. भाषन काऊन देऊन राह्यली?"

मी टॉर्च लावली.

दोन वर्षांत हवेनं त्या कणांचं वरचं अंग खाल्लं होतं. कण लहान झाला की उजेडाचा रंग बदलतो. पहिल्या दिवशीचा गडद लाल आता नारिंगीकडे झुकला होता. पण होता. चुलीतला निखारा फुंकर मारल्यावर होतो तसा. माझी बोटं उजळली, स्टुलाचा दांडा उजळला, भुशाचा ढीग कडेकडेनं तांबूस झाला, आणि अंधारातून आईचा चेहरा वर आला. तिनं पदराचं टोक तोंडाला धरलं होतं.

"माय वं," आई हळूच म्हणाली. "लाल हाय. खरंच लाल हाय." ती कधीच काही वाढवून बोलत नाही.

मी बाटली बाबांच्या चेहऱ्यासमोर धरली. मग डाव्या डोळ्यासमोर. मग डावीकडून उजवीकडे नेली. त्यांच्या दोन्ही बुबुळांत तो लाल ठिपका लख्ख दिसत होता, इकडून तिकडे सरकत होता. चेहरा त्याच्यामागून फिरला नाही. माझ्या बाहीची सळसळ झाली त्या बाजूला त्यांनी मान वळवली, आणि तिकडे, रिकाम्या अंधाराकडे, टक लावून राहिले. डोळे मोठे करून. बॉयलरच्या दारातून आगीचा रंग बघताना करायचे तसे.

मी किती वेळ धरून होते ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही भागाल.

शेवटी टॉर्चचे सेल मंदावले. आईनं कडी काढली, पोतं बाजूला ओढलं, दार सताड उघडलं. मे महिन्याचं ऊन भिंत कोसळावी तसं आत आलं. आईनं आणि मी डोळ्यांवर हात घेतले. बाबा स्टुलावरून उठून त्या उन्हाकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग पुढे झाले, कारण तिकडून ऊब येत होती.

बाहेर मिलच्या ओट्यावर जुने हमाल बसून होते. कोणी बोलावलं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी या उजेडाची वर्णनं ऐकली होती. आज तो दिसणार हे कळल्यावर ते गावातून चालत आले होते. बाबांना पाहून त्यांनी सरकून जागा केली. एकानं बिडी पेटवून त्यांच्या बोटांत दिली. सगळे मांडी घालून नीट बसले, खेळ सुरू व्हायच्या आधी बसतात तसे, हसायची तयारी करून. मीसुद्धा ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिले. मला माहीत होतं आता काय होणार. आता बाबा घसा खाकरतील, आणि मग तो उजेड बॉयलरहून मोठा होईल, गोदामाच्या टिनांतून वर जाईल, ऊर्जानगरची धुराडी त्याच्यापुढे माना घालतील, वाघ येऊन नमस्कार करील. आणि आम्ही सगळे त्याला चारनं भागू, आणि चौथा हिस्सा तरी घरी घेऊन जाऊ. मी मनातल्या मनात भागायला बसलेसुद्धा होते.

"का भाऊ," सगळ्यांत म्हाताऱ्या हमालानं विचारलं, "दिसला का मंग पोरीचा उजेड?"

बाबांनी बिडीची राख बोटावर घेतली, दुसऱ्या बोटानं चोळली.

"नाई," म्हणाले.